मॅन पेजवरून वेब पेज: पडद्यावरून उचलू नका, मूळ फाइलीतून उचला

मागच्या वर्षी टीममधल्या एका मुलीने मला फोनचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं, "दादा, हे काय आहे?" स्क्रीनवर होतं आमच्या बॅकअप स्क्रिप्टचं मॅन पेज, म्हणजे टर्मिनलवर ‘मॅन’ कमांडने उघडणारं माहितीचं पान, मी हौसेने वेबवर चढवलेलं. मथळ्यातलं प्रत्येक अक्षर दोनदा आणि मध्ये एक रिकामा चौकोन. खालच्या ओळी फोनच्या रुंदीत मावत नव्हत्या, म्हणून एक ओळ पूर्ण, मग दोन शब्दांची शेपटी, मग पुन्हा पूर्ण ओळ. वाचायला बसलं तर डोळे फुटावेत.

चूक माझीच होती. मी लॅपटॉपवर मॅन कमांड चालवली, तिचं आउटपुट एका फाइलीत वळवलं, वरखाली एचटीएमएलचा ‘प्री’ टॅग (मजकूर जसाच्या तसा दाखवणारा) लावला आणि काम झालं म्हणून चहाला गेलो. अक्षरं दुप्पट का झाली, याचं कारण जुनं आहे. टेलिटाइप आणि लाइन प्रिंटरच्या काळात ठळक अक्षर काढायचं म्हणजे ते छापायचं, एक घर मागे यायचं आणि त्याच जागी पुन्हा छापायचं. अधोरेखित करायचं तर आधी खालची रेघ, मग बॅकस्पेस, मग अक्षर. ती रीत काही मॅन प्रोग्रॅमच्या आउटपुटमध्ये अजून जिवंत आहे. टर्मिनलवर मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे पेजरला, ती समजते, ब्राउझरला समजत नाही. तो बॅकस्पेसच्या जागी चौकोन काढतो आणि दोन्ही अक्षरं शेजारीशेजारी ठेवतो.

‘कोल -बी’ ही कमांड ते बॅकस्पेस गाळून देते, त्यामुळे दुप्पट अक्षरांचा प्रश्न मिटतो. पण मग ठळक आणि अधोरेखितही जातं. मॅन पेजमध्ये ते सजावटीसाठी नसतं. ठळक म्हणजे जसंच्या तसं टाइप करायचं, अधोरेखित किंवा तिरकं म्हणजे तिथे तुमची किंमत घालायची. हा फरक एकदा पुसला गेला की कितीही सीएसएस ओतलं तरी परत येत नाही. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: पडद्यावर जे दिसतं ते उचलायचं नाही, मूळ फाइल उचलायची.

एक सूचना. कमांड मी इथे, सहकाऱ्याला फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. कुठलं अक्षर कॅपिटल हे जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगितलं आहे.

मूळ फाइल कुठे असते आणि आत काय असतं

मॅन पेज ही एक साधी मजकूर फाइल असते. ती कुठे आहे हे मॅनच सांगतो: ‘मॅन -डब्ल्यू एलएस’ असं टाइप करा, की पूर्ण पत्ता येतो. लिनक्सवर तो बहुतेक ‘/यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१/’ या फोल्डरमधला असतो आणि फाइल जीझिपने दाबलेली असते. शेवटचा १ हा विभागाचा क्रमांक. १ म्हणजे रोजच्या कमांड, २ म्हणजे कर्नलला केलेले सिस्टिम कॉल, ३ लायब्ररीतली फंक्शन्स, ४ डिव्हाइस, ५ फाइलींचे प्रकार, ६ खेळ, ७ संकीर्ण आणि ८ अ‍ॅडमिनच्या कमांड. हा आकडा वेब पेजच्या नावातही ठेवायचा. ‘प्रिंटएफ’ नावाची कमांड विभाग १ मध्ये आहे आणि त्याच नावाचं फंक्शन विभाग ३ मध्ये. आकडा गाळलात तर एक पान दुसऱ्यावर चढून बसेल.

क्रमांकांच्या विभागांची ही रीत युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलपासूनची आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या त्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तेव्हाही पानं ‘रॉफ’ नावाच्या प्रोग्रॅमने मांडलेली होती. गंमत म्हणजे बेल लॅब्जमध्ये युनिक्सवाल्यांना पीडीपी-११ हे यंत्र मिळालं तेच मुळी मजकूर मांडणीचं कारण पुढे करून, आणि तिथलं पेटंट खातं त्याचं पहिलं गिऱ्हाईक झालं. रॉफनंतर जो ओसाना यांनी एनरॉफ आणि ट्रॉफ लिहिले. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी जो ‘ग्रॉफ’ असतो तो त्यांचाच वारस, जेम्स क्लार्क यांनी लिहिलेला, १९९० पासूनचा.

आता आत डोकावू. माझ्या स्क्रिप्टचं नाव ‘जपून’. तिच्या पानाचा एक तुकडा असा आहे:

.टीएच जपून १ २०२४-०६-०१
.एसएच नेम
जपून \- फोल्डरची तारीखवार प्रत काढून ठेवते
.एसएच ऑप्शन्स
.टीपी
.बीआय "\-के " दिवस
इतक्या दिवसांपेक्षा जुन्या प्रती काढून टाकते.

टिंबाने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे मॅक्रो, मांडणीची एक आज्ञा, आणि इथली सगळी मॅक्रो कॅपिटल अक्षरांत आहेत. टीएच हा पानाचा मथळा, एसएच म्हणजे विभागाचं शीर्षक, टीपी म्हणजे ‘पुढच्या ओळीत शब्द आणि त्याखाली त्याचं स्पष्टीकरण’. बीआय म्हणजे आळीपाळीने ठळक आणि तिरकं: ‘-के’ ठळक, ‘दिवस’ तिरकं.

हा झाला ‘मॅन’ मॅक्रोंचा संच, १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासूनचा. दुसरा संच आहे ‘एमडॉक’, बर्कलीत तयार झालेला आणि बीएसडी (तिथूनच निघालेलं युनिक्सचं घराणं) मंडळींचा लाडका. त्यात हीच ओळ अशी होते:

.आयटी एफएल के एआर दिवस

इथे ठळक-तिरक्याचा उल्लेखच नाही. ‘एफएल’ म्हणजे फ्लॅग, ‘एआर’ म्हणजे आर्ग्युमेंट. दिसायचं कसं ते नंतर ठरतं, फाइल फक्त ते काय आहे एवढंच सांगते. म्हणून वेबवर एमडॉकचं पान जास्त नीट उतरतं: फ्लॅगला ‘कोड’ टॅग मिळतो, आर्ग्युमेंटला ‘व्हार’ टॅग, आणि दोघांना आपापला क्लास. मॅन मॅक्रोंच्या पानाला नुसते ‘बी’ आणि ‘आय’ मिळतात. तुमच्या स्वतःच्या टूलचं पान नव्याने लिहिणार असाल तर एमडॉकमध्येच लिहा, असं माझं मत आहे. दुसऱ्यांची पानं जशी असतील तशी घ्यावी लागतात.

कोणतं हत्यार घ्यायचं

माझं उत्तर ‘मॅनडॉक’. क्रिस्टॅप्स झोन्सन्स यांनी २००८ मध्ये सुरू केलेला आणि पुढे इंगो श्वार्झे यांनी सांभाळलेला हा प्रोग्रॅम ओपनबीएसडीचा मुख्य मॅन फॉरमॅटर आहे. डेबियनच्या मॅन पेजेसच्या साइटमागचा ‘डेबिमॅन’ हा प्रोग्रॅमही पानं बदलायला मॅनडॉकच वापरतो. तो दोन्ही मॅक्रो संच वाचतो, टेबलं स्वतःच समजतो आणि स्वच्छ एचटीएमएल देतो. डेबियन किंवा उबुंटूवर नेहमीच्या पॅकेजमधून बसतो. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, उघडून त्यात बसवावा.

बाकीचे पर्याय मी वापरून पाहिलेत. ग्रॉफ स्वतः एचटीएमएल देतो, पण टेबल आणि समीकरणांची चित्रं करून ठेवण्याकडे त्याचा कल असतो, त्यासाठी घोस्टस्क्रिप्टसारखी बाहेरची साधनं मागतो, आणि चित्रातला मजकूर ना शोधता येतो ना कॉपी करता येतो. पॅनडॉक, म्हणजे बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांचा प्रसिद्ध प्रोग्रॅम, मॅन फाइल वाचतो. पान साधं असेल तर आउटपुट देखणं येतं. पण एखाद्या जुन्या पानात कुणी थेट रॉफच्या कमांडी खेळवल्या असतील तर तिथे तो अडखळतो. ‘मॅन टू एचटीएमएल’ नावाचे एकाहून अधिक प्रोग्रॅम फिरतात. त्यातला एक तयार आउटपुट वाचून त्यावरून अंदाज बांधतो, म्हणजे मी केलेलीच चूक, फक्त जरा हुशारीने.

पायरी पहिली: प्रत काढा आणि तपासा

सिस्टिमच्या फोल्डरमध्ये काम करू नका. वेगळा फोल्डर करा, त्यात हव्या त्या फाइली कॉपी करा आणि ‘जीअनझिप’ने मोकळ्या करा. मग पहिल्यांदा रूपांतर नाही, तपासणी:

मॅनडॉक -टी लिंट जपून.१

इथला टी कॅपिटल. लिंट पानभर तक्रारी काढतो, पण सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. ‘एरर’ लिहिलेली दुरुस्त करा, ‘वॉर्निंग’ वाचा, ‘स्टाइल’वाल्या सोडून दिल्या तरी चालतं. मराठीत लिहिलेल्या पानाला तर ‘ओळ ८० बाइटांपेक्षा लांब आहे’ ही कुरकुर ऐकावीच लागते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. डोळ्यांना आखूड दिसणारी ओळही त्याच्या हिशेबाने लांबलचक. त्याकडे खुशाल दुर्लक्ष करा.

तपासताना दोन प्रकारच्या फाइली बाजूला काढा. पहिला प्रकार, ज्यात ‘.एसओ’ने सुरू होणारी एकच ओळ असते. ते पान नव्हे, ‘ते दुसरं पान बघा’ असा निरोप. लिनक्सच्या मॅन पेजेसमध्ये ‘एलस्टॅट’चं पान असंच ‘स्टॅट’कडे बोट दाखवतं. अशांचं एचटीएमएल करायचं नाही, वेब सर्व्हरवर रिडायरेक्ट टाकायचा, नाहीतर एकच मजकूर चार पत्त्यांवर पडून राहतो. दुसरा प्रकार, ज्यांची पहिली ओळ एकेरी अवतरण, उलटी रेघ, दुहेरी अवतरण आणि मग ‘टी’ अशी असते. त्याचा अर्थ आत टेबल आहे. रूपांतर झाल्यावर ही पानं डोळ्यांनी बघायची म्हणून त्यांची यादी करून ठेवा.

पायरी दुसरी: रूपांतर

मॅनडॉक -टी एचटीएमएल -ओ स्टाइल=मॅनडॉक.सीएसएस,मॅन=%एन.%एस.एचटीएमएल,टीओसी जपून.१ > जपून.१.एचटीएमएल

टी, ओ, टक्क्यापुढचा एन आणि टक्क्यापुढचा एस हे कॅपिटल, बाकी सगळं लहान लिपीत. ‘स्टाइल’ म्हणजे सीएसएस फाइलीचा पत्ता. मॅनडॉकच्या मूळ सोर्सबरोबर त्याची स्वतःची सीएसएस येते, सुरुवातीला तीच घ्या. ‘मॅन’ म्हणजे दुसऱ्या पानाचा उल्लेख आला तर त्याची लिंक कशी बांधायची: %एनच्या जागी नाव, %एसच्या जागी विभाग. ‘टीओसी’ म्हणजे वर अनुक्रमणिका.

या अनुक्रमणिकेने माझा अर्धा तास खाल्ला. ऑप्शन दिला, तरी पानावर काहीच येईना. शेवटी मॅनडॉकचंच मॅन पेज वाचलं, तेव्हा कळलं की पानात नेहमीच्या ठरलेल्या शीर्षकांखेरीज किमान २ वेगळी शीर्षकं असतील तरच तो अनुक्रमणिका छापतो. माझ्या पानात एकच होतं.

तुमच्या साइटचा स्वतःचा साचा असेल, वर मेन्यू, खाली फूटर, तर ‘ओ’च्या यादीत ‘फ्रॅगमेंट’ हा शब्दही घाला. मग एचटीएमएलचं डोकं आणि धड गाळून फक्त मधला मजकूर मिळतो, तो साच्यात बसवायचा.

सगळी पानं एकदम करायची तर शेलचं साधं ‘फॉर’ लूप पुरतं. फोल्डरमधली प्रत्येक फाइल घ्यायची, मॅनडॉककडे द्यायची, त्याच नावापुढे ‘.एचटीएमएल’ जोडून लिहायची. पण आधी दोनतीन पानं हाताने करून ब्राउझरमध्ये बघा.

तयार फाइल एडिटरमध्ये उघडलीत आणि मराठी मजकूर दिसला नाही तर दचकू नका. मॅनडॉक एचटीएमएल लिहिताना रोमनबाहेरचं प्रत्येक चिन्ह आकडी संकेतात लिहितो, अँपरसँड आणि हॅशने सुरू होणारा. ब्राउझर ते पुन्हा देवनागरीत दाखवतो. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, पण तयार पानांवर ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या कमांडने ‘दिवस’ शोधलात तर एकही सापडणार नाही. शोधाची सोय करायची असेल तर ती मूळ फाइलींवर करा, किंवा संकेत उलगडून घेणाऱ्या साधनाने.

पायरी तिसरी: आडव्या रेघेचं प्रकरण

हे प्रकरण छोटं दिसतं, पण सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. वरच्या तुकड्यात ‘\-के’ लिहिलंय, म्हणजे रेघेआधी उलटी रेघ. पुष्कळ लेखक नुसती रेघ टाकतात. रॉफच्या हिशेबाने नुसती रेघ म्हणजे शब्द जोडणारा हायफन, आणि ग्रॉफ यूटीएफ-८ मध्ये आउटपुट देताना तिथे खराखुरा टायपोग्राफीचा हायफन ठेवू शकतो. दिसायला तीच रेघ, पण युनिकोडमध्ये ते वेगळं चिन्ह. पानावरून कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकली की ‘असा ऑप्शन नाही’ किंवा ‘अशी फाइल नाही’. वाचणारा स्वतःलाच दोष देत बसतो. ब्राउझरच्या शोधात ‘-के’ टाकलं तरी सापडत नाही.

मॅनडॉक याबाबतीत समजूतदार आहे, दोन्ही ठिकाणी की-बोर्डवरची साधी रेघच ठेवतो. त्याची निवड करण्याचं हे एक मोठं कारण. तरीही स्वतःच्या फाइलीत ऑप्शनपुढे ‘\-’ लिहायची सवय लावा, कारण तुमचं पान दुसरा कुणीतरी ग्रॉफने वाचणारच आहे. एकेरी अवतरणाचं तेच: कमांडच्या उदाहरणात सरळ अवतरण हवं तर ‘\(एक्यू’ लिहायचं, नाहीतर ग्रॉफ ते वळणदार करतो आणि शेल त्याला ओळखत नाही. ओळीच्या सुरुवातीला टिंब आलं, समजा ‘.बॅशआरसी’ हे फाइलीचं नाव, तर रॉफ त्याला मॅक्रो समजून अख्खी ओळ गिळतो. त्याआधी ‘\&’ घाला. माझ्या पानातलं एक पूर्ण वाक्य असं गायब झालं होतं आणि सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यावरून पान किती जण वाचतात हेही कळलं.

पायरी चौथी: लिंका

एमडॉकमध्ये दुसऱ्या पानाच्या उल्लेखासाठी ‘एक्सआर’ हा मॅक्रो आहे, तिथे लिंक आपोआप बनते. मॅन संचाच्या जुन्या पानांमध्ये मात्र लेखक फक्त ‘टार’ ठळक करून पुढे कंसात १ लिहितो. ती लिंक आहे असं यंत्राला सांगणारं तिथे काहीच नाही. २०२३ मध्ये आलेल्या ग्रॉफ १.२३ ने त्यासाठी ‘एमआर’ नावाचा मॅक्रो मॅन संचात आणला, पण जुनी पानं जुनीच आहेत.

तेव्हा रूपांतरानंतर एक छोटी पायथन स्क्रिप्ट चालवावी लागते. तिचं काम एवढंच: ठळक टॅगमधला शब्द, लगेच पुढे कंसात १ ते ८ पैकी आकडा, असा नमुना शोधायचा आणि लिंक गुंडाळायची. अट एकच, पण सोडू नका: त्या नावाची आणि विभागाची फाइल आपल्या फोल्डरमध्ये असेल तरच. सी भाषेच्या पानांमध्ये ‘एक्झिट’पुढे कंसात १ असं येतं तेव्हा ते पान नसतं, फंक्शनला १ किंमत देऊन केलेला कॉल असतो. ‘प्री’ टॅगच्या आतही लिंका लावू नका, तिथे उदाहरणं असतात.

शीर्षकांना मॅनडॉक स्वतःहून आयडी देतो, त्यामुळे ‘जपूनच्या पानावर ऑप्शन्स बघ’ असं म्हणून थेट त्या विभागाची लिंक पाठवता येते. आयडी शीर्षकाच्या शब्दांवरून बनतो. शीर्षक मराठीत ठेवलंत तर लिंक वाचण्यासारखी राहत नाही. आम्ही शीर्षकं इंग्रजीत आणि मजकूर मराठीत ठेवतो. ‘नेम’ या शीर्षकाला तर मुळीच हात लावू नका. ‘अ‍ॅप्रोपोस’ या, विषयावरून मॅन पेज शोधणाऱ्या कमांडसाठी यादी करणारे प्रोग्रॅम त्याच शीर्षकाखालची ओळ शोधतात.

पायरी पाचवी: डोळ्यांना सुखाचं करा

मॅन पेजच्या वेब पानांचा सगळ्यात सामान्य दोष म्हणजे अख्खं पान मोनोस्पेस (प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणाऱ्या) फॉन्टमध्ये ठेवणं, टर्मिनलची आठवण म्हणून. तसं करू नका. गद्य गद्याच्या फॉन्टमध्ये, कमांड आणि ऑप्शन मोनोस्पेसमध्ये. मजकुराची रुंदी साधारण ३८ ते ४० ईएम (फॉन्टच्या आकारावरून मोजायचं एकक), त्याहून जास्त नको. ‘प्री’ला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्या, म्हणजे लांब कमांड आली तर तेवढाच डबा आडवा सरकतो, पान जागेवर राहतं. पान फोनच्या रुंदीत बसवणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे का ते बघा, फ्रॅगमेंट वापरत असाल तर तो तुमच्या साच्यात हवा.

मराठी मजकूर असेल तर आणखी तीन गोष्टी. एक, तिरकं. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं तिरकं रूप नसतं, ब्राउझर उभी अक्षरं ढकलून वाकडी करतो आणि ‘दिवस’ झोपेत असल्यासारखा दिसतो. आर्ग्युमेंटला ‘फॉन्ट-स्टाइल: नॉर्मल’ देऊन वेगळा रंग आणि खाली ठिपक्यांची रेघ द्या. दोन, ‘लेटर-स्पेसिंग’ देऊ नका, शिरोरेघ तुटते. शीर्षकांना ऐटीसाठी ते द्यायची इंग्रजी साइटींची सवय मराठीत दातपडकी दिसते. तीन, ओळींमधलं अंतर १.७ च्या आसपास ठेवा, वेलांट्या आणि उकार एकमेकांना चिकटत नाहीत. फॉन्ट म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आणि दोन्ही वाचायला चांगले.

टर्मिनलमध्ये मराठी मॅन पेज वाचणं म्हणजे शिक्षाच असते, जोडाक्षरं फुटतात, ओळींची रुंदी चुकते. वेबवर तोच मजकूर सरळ उभा राहतो. ‘जपून’चं पान मी मराठीत लिहिण्याचं धाडस केलं ते यामुळेच.

बाजूला ठेवलेली टेबलवाली पानं आता उघडा. साधी टेबलं मॅनडॉक नीट एचटीएमएल टेबल करून देतो. विभाग ७ मधलं ‘आस्की’चं पान हा चांगला नमुना, ते नीट उतरलं तर बाकीची बहुतेक उतरतील. फोनवर मात्र रुंद टेबल कापलं जातं, म्हणून त्याभोवतीही आडवा सरकणारा डबा हवा.

परवाना आणि तारीख

मॅन पेजच्या मूळ फाइलीत सगळ्यात वर, टिंब, उलटी रेघ आणि दुहेरी अवतरण अशा खुणेने सुरू होणाऱ्या ओळी असतात. त्या टिपणी-ओळी, पानावर छापल्या जात नाहीत. पण कॉपीराइट आणि परवाना बहुधा तिथेच असतो, आणि कित्येक परवान्यांची अट असते की प्रत काढताना ही नोंद सोबत राहिली पाहिजे. मॅनडॉकच्या नव्या आवृत्त्या ती एचटीएमएलच्या टिपणीत नेतात. सोर्स उघडणाऱ्यालाच ती दिसते. मी ती काढून पानाच्या तळाशी लहान अक्षरांत छापतो. दुसऱ्यांचं लिखाण आपल्या साइटवर ठेवताना एवढं तरी करावं.

तारीख रूपांतराची नको, मूळ पानाची हवी. ती टीएचच्या ओळीत असते, एमडॉकमध्ये ‘डीडी’ मॅक्रोत. शिवाय कोणत्या पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीतून पान घेतलं तेही लिहा. ग्नूच्या ‘एलएस’चे ऑप्शन आणि मॅकवरच्या ‘एलएस’चे ऑप्शन सारखे नाहीत, आणि वाचणाऱ्याला आपण कुठलं पान वाचतोय हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

यादीचं पान आणि पुन्हा बांधणं

यादी हाताने लिहू नका. प्रत्येक फाइलीतली ‘नेम’खालची ओळ उचला: डावीकडे नाव, रेघ, उजवीकडे एका ओळीत काम. तीच यादी, विभागवार लावलेली, पहिलं पान म्हणून पुरते. ज्या फाइलीत ती ओळ धड नाही ती यादीत भलतीच दिसते, तेव्हा यादी म्हणजे फुकटची तपासणीही झाली.

मूळ फाइल बदलली की एचटीएमएल पुन्हा व्हायला हवं, नाहीतर दोन महिन्यांत दोघांची फारकत होते. मेकफाइलमध्ये, म्हणजे बदललेल्या फाइलींपुरतंच काम पुन्हा करणाऱ्या ‘मेक’ प्रोग्रॅमच्या नियमांच्या फाइलीत, एकच नियम लिहा: ‘%.१.एचटीएमएल’ हे ‘%.१’ वर अवलंबून, आणि खाली वरचीच मॅनडॉकची कमांड, टॅबने सुरू होणारी. तिथे स्पेस टाकल्या तर मेक रुसतो, हे ज्याचं त्याने एकदा अनुभवायचंच असतं. मेकफाइलमध्ये लक्षात ठेवायची दुसरी गोष्ट म्हणजे %एन आणि %एस कमांडच्या ओळीत असले तरी मेक त्यांना हात लावत नाही, जसेच्या तसे राहतात. तयार एचटीएमएल हाताने कधीच दुरुस्त करू नका. काही चुकलं तर मूळ फाइलीत, सीएसएसमध्ये किंवा लिंकांच्या स्क्रिप्टमध्ये.

पान चढवायच्या आधी मी चार गोष्टी करतो. पानावरची एक कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये चालवतो. ब्राउझरच्या शोधात एक ऑप्शन रेघेसकट टाकतो. ‘सी ऑल्सो’ (हेही पहा) या शीर्षकाखालच्या सगळ्या लिंका दाबतो. आणि फोनवर उघडून स्क्रीनशॉट त्याच मुलीला पाठवतो. यावेळी तिचं उत्तर आलं, "दिवस शून्य दिले तर काय होतं ते कुठेच लिहिलं नाहीये." पाहिलं तर खरंच नव्हतं.